कानावरचा शिक्का

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार माझ्या आत्याचे आहेत. वडिलांच्या या थोरल्या बहिणीने मला नागपुरात स्वतःच्या घरी ठेवून घेतले नसते, तर तालुक्याच्या शाळेतून मॅट्रिक झाल्यावर मी गावातच राहिलो असतो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेले नव्हते. मी पदवीधर झालो तो तिच्या भट्टीच्या जोरावर. हे मी तेव्हा लपवले नाही आणि आताही लपवत नाही.

भट्टी मुंडी-पायांची होती. सकाळी कत्तलखान्यातून बकऱ्यांची डोकी आणि पाय आणायचे, जाळावर धरून केस जाळायचे, सुऱ्याने खरडायचे, धुवायचे, पुन्हा एकदा जाळ दाखवायचा आणि बाजारातल्या ओट्यावर मांडायचे, असा तिचा धंदा. नवरा गेल्यावर तिने तो एकटीने चालवला. तिच्या नावाचा परवाना होता आणि तो तिने काच लावून भिंतीवर टांगला होता. जळक्या केसांचा वास घरात भरून राही. माझ्या कॉलेजच्या कपड्यांना तो लागू नये म्हणून ती ते धुऊन शेजारणीच्या घरी, तिच्या पेटीत ठेवायला देई. रोज सकाळी मी शेजारी जाऊन कपडे बदलायचो आणि तिथूनच कॉलेजला जायचो. चार वर्षे हे चालले. शेजारीण कधी कधी म्हणायची, "नवरदेव आले वं कपडे घालायले." आत्या भट्टीजवळून म्हणायची, "हसू नको, एक दिवस सायेब होईन तो."

साहेब मी झालो नाही. एका मराठी दैनिकात उपसंपादक झालो. आत्याला त्यात काही कमी वाटले नाही. वर्तमानपत्र म्हणजे सरकारचाच एखादा भाग असावा, अशी तिची समजूत होती. बाजारात ती सांगे, "आमचा पोरगा पेपरात हाय," आणि त्यानंतर तिच्याशी भाव करणाऱ्याचा आवाज खाली येई, असे तिचे म्हणणे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. शहरातल्या एका वस्तीत जेवणावळीनंतर माणसे आजारी पडली. मटण खराब होते, असे बोलले गेले. आमच्या पेपराने तो विषय लावून धरला, इतरांनीही धरला, आणि वाचकांची संतापाची पत्रे येऊ लागली. मग आरोग्य खात्याने प्रेसनोट काढली की शिक्का नसलेले कोणतेही मांस बाजारात आढळल्यास ते नष्ट केले जाईल. ती इंग्रजीतली प्रेसनोट माझ्याच टेबलावर आली आणि मी तिचा अनुवाद केला. नियमात वाईट काही नव्हते. रोगट जनावर गल्लीत कापून विकणारे लोक होतेच, आणि त्यांना आळा बसायला हवा होता.

पण शिक्का कुठे मारतात, हे प्रेसनोट लिहिणाऱ्याने बहुधा पाहिलेले नव्हते. जनावर तपासून, कापून, सोलून टांगले की कत्तलखान्यातल्या डॉक्टरांचा माणूस मांडीवर आणि खांद्याच्या फऱ्यावर जांभळा शिक्का उमटवतो. मुंडी आणि पाय त्याआधीच वेगळे होऊन बाजूला ढिगात पडलेले असतात. जनावर तेच, डॉक्टर तोच, पण ढिगावर शिक्का नाही. बरे, मारला तरी तो केसांवर बसणार, आणि केस तर जाळायचेच असतात.

नियम लागू झाल्यावर थोड्याच दिवसांत खात्याच्या इन्स्पेक्टरांनी आत्याच्या ओट्यावरच्या साऱ्या मालावर फिनेल ओतले. मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा ती अंगणात हात धूत होती.

"पेपरात काय छापलं गा तुम्ही?" तिने विचारले.

"शिक्का पाहिजे, असं छापलं. सरकारचा नियम आहे."

"मंग सरकारले सांग न, मुंडीले शिक्का नसते म्हणून. माहीत नसन त्याहिले."

त्यांना माहीत नसेल, सांगितले की कळेल, असे मलाही वाटले. शिकलेल्या माणसाला जसे वाटते तसे. मी अर्ज लिहिला, भट्टीवाल्या सगळ्या बायांचे अंगठे घेतले आणि आरोग्य खात्याच्या कचेरीत नेऊन दिला. उत्तर आले नाही.

तोवर बायांनी त्यांची वाट काढली. कत्तलखान्यातल्या शिक्केवाल्याच्या विनवण्या करून त्यांनी मुंडीच्या एका कानावर शिक्का मारून घ्यायला सुरुवात केली. तो टिकावा म्हणून तेवढा कान जाळावर धरायचा नाही, खरडायचा नाही. बाकीची मुंडी भाजून तांबूस, स्वच्छ, आणि एक कान तसाच केसाळ, त्यावर जांभळा गोल. पायांवर शिक्का बसवायला जागाच नव्हती, म्हणून पाय विकणे आत्याने बंद केले.

पहिल्या दिवशी भट्टीभोवती बायांना हसू आवरेना.

"आता त्या कानात अत्तराचा बोळा ठेव वं," शेजारीण म्हणाली. "वरातीले चालला पाहुणा."

"बोळा ठेवतो, पण त्याच्यावरबी शिक्का मागतीन," आत्या म्हणाली.

गिऱ्हाइके कुरकुरत. "हा कान काहून ठेवला वं बाई?" असे विचारत आणि तेवढा कापून टाकायला लावत. आत्या कापून देई. काही आठवडे कुणी फिनेल ओतले नाही. नियम पाळला की त्रास नाही, याचे तिला समाधान होते, आणि मलाही.

मग एके दिवशी दुसरे इन्स्पेक्टर आले. त्यांच्याबरोबर आमच्याच पेपराचा फोटोग्राफर होता. इन्स्पेक्टरांनी कान वर उचलून धरला आणि केसांसह मांस विकले जात असल्याचा पंचनामा केला. आत्या शिक्का दाखवत राहिली. ते म्हणाले, शिक्क्याचे मी विचारत नाही, केसांचे विचारतो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर फोटो आला. आत्याचा हात, त्यात मुंडी, आणि पुढे ओढलेला कान. चेहरा दिसत नव्हता, पण हातातली चांदीची पाटली मला ओळखू आली. वर्तमानपत्राच्या काळ्या शाईत जांभळा शिक्का पसरट काळा डाग झाला होता. खाली ओळ होती : 'बाजारात रोगट मांसाची विक्री. कानावरील डाग पाहा.'

मांस तपासून चांगले आहे असे सांगण्यासाठी सरकारने मारलेली खूण आमच्या पेपराने रोग म्हणून छापली होती. ती ओळ मी लिहिलेली नव्हती, माझी पाळी आदल्या दिवशी दुपारीच संपली होती. मी तडक वृत्तसंपादकांकडे गेलो. ते मला मायेने वागवणारे गृहस्थ होते आणि माझ्या मराठीचे चार लोकांत कौतुक करत.

"साहेब, तो डाग नाही. तो तपासणीचा शिक्का आहे."

"असेल."

"मग खुलासा छापायला हवा."

"कुणाचा खुलासा? खात्याने पाठवला तर छापू."

"मी लिहून देतो. मुंडीवर शिक्का का राहत नाही, तेही लिहितो."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "अहो, लोक सकाळी चहा घेताना पेपर उघडतात. एक दिवस मुंडी पाहिली, पुरे झाली. आणि तुम्हाला ह्यात एवढं काय आहे?"

"ती माझी आत्या आहे."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "हे इथं कुणाला सांगू नका. तुमच्यासाठी म्हणतो." आणि पुढची कॉपी ओढून घेतली. त्यांनी ते माझ्या भल्यासाठीच म्हटले, यात मला शंका नाही. त्याचाच राग आजवर गेलेला नाही.

परवाना रद्द का करू नये, अशी नोटीस आत्याला आली. सुनावणीला मी तिच्याबरोबर गेलो. तिने धुतलेले पांढरे लुगडे नेसले होते. अधिकारी तरुण होते, कागद चाळत बोलत होते.

"मांसावर केस चालणार नाहीत."

"बरोबर आहे साहेब," मी म्हणालो. "पण केस काढले तर शिक्का जातो."

"शिक्का तर पाहिजेच."

"दोन्ही एका कानावर कसं होणार?"

"ते विकणाऱ्यानं पाहायचं."

आत्या पुढे सरकली. "सायेब, तुम्हीच सांगा कुठं मारून घेऊ. तुम्ही दाखवान तिथं घेतो. कपाळावर म्हणसान त कपाळावर."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "तुम्ही पेपरात आहात ना? मग समजावून सांगा की ह्यांना." कारकून हसला. परवाना अंतिम निर्णय होईपर्यंत स्थगित झाला, म्हणजे भट्टी बंद.

आत्या पारशिवनीकडे तिच्या मुलीच्या घरी जाऊन राहिली. एसटीत बसताना ती म्हणाली, "तू हायेस न पेपरात. लिहीत राह्य. कळन त्याहिले, मंग मले बोलावून घे. जावयाच्या घरी किती दिवस बसू?" मी हो म्हणालो. मी लिहीत राहिलो. अर्ज लिहिले, लेख लिहिले. लेख परत येत, अर्ज परतही येत नसत. तिच्याकडून नातीच्या अक्षरात पत्रे येत आणि त्यांत एकच विचारलेले असे : भट्टी कधी पेटवायची?

पुढच्या उन्हाळ्यात नवी प्रेसनोट आली. तीही माझ्याच टेबलावर. शहराबाहेर मांस डबाबंद करणारा एक कारखाना सुरू होत होता. तिथे भाजलेल्या मुंडी-पायांवर वेगळ्या शिक्क्याची गरज नाही, कारण भाजताना तो टिकत नाही, खोक्यावरचे सील पुरेल, असे तीत म्हटले होते. माझ्या अर्जातले कारण जसेच्या तसे होते, फक्त इंग्रजीत. शेवटच्या परिच्छेदात वस्तीतल्या सर्व भट्ट्या कायमच्या बंद केल्याचे आणि मालकांनी त्या न पाडल्यास खात्याची माणसे येऊन पाडणार असल्याचे होते. मी अनुवाद केला. वृत्तसंपादकांनी त्यावर मथळा दिला : 'मांसाच्या स्वच्छतेसाठी आधुनिक पाऊल.' माझ्या मराठीवर त्यांना लाल पेन फिरवावे लागले नाही.

आत्याने मला शिकवले ते आपल्यापैकी एकाला तरी कचेरीत बोलता यावे म्हणून. मला बोलता येत होते. त्या वर्षात मला कळले की तिथे ऐकून घ्यायला कुणी बसलेलेच नव्हते, आणि हे तिला सांगण्याचे काम दुसऱ्या कुणाचे नव्हते. पुढच्या रविवारी मी तिला पत्र पाठवले :

'आत्या, हे तुले नात वाचून दाखवन, म्हणून तुझ्याशी बोलतो तसंच लिहून राहिलो. तू विचारलं होतं भट्टी कधी पेटवायची. आता नाही पेटवायची. परवाना परत भेटत नाही. शिक्का भाजल्यावर राहत नाही, हे सरकारनं मान्य केलं, पण कारखान्यासाठी केलं, आपल्यासाठी नाही. मी सगळीकडं जाऊन आलो. अजून कुठं जायचं राहिलं असतं त सांगतलं असतं. तू वाट पाहू नको. पेपरात असून मी काही केलं नाही असं जावई म्हणतीन, त म्हणू दे, पण तू म्हणू नको. तुझं मांस खराब नव्हतं. हे मी छापू शकलो नाही, म्हणून इथं लिहितो. नातीले सांग, हे वाक्य दोनदा वाच. भट्टी पाडायले खात्याची माणसं येणार होती. त्याहिचा हात लागू नये म्हणून काल मीच पाडली. शेजारीण मदतीले आली होती, लय रडली. विटा चांगल्या निघाल्या, भिंतीशी रचून ठेवल्या आहेत. तुले पाहिजे असतीन त बैलगाडीनं पाठवतो, नाही त शेजारणीले न्हाणीसाठी देऊन टाकतो. तसं कळव.'