सहा मिनिटांची सरासरी

आमच्या सोसायटीत मला सगळे काकू म्हणतात आणि काम असलं की मॅडम. त्यामुळे दारावरची बेल वाजली की पहिल्या शब्दावरूनच मला कळतं, समोरचा वाटीभर साखर मागायला आलाय की माझा मीटर.

निवृत्त होईपर्यंत मी एका प्रयोगशाळेत विद्युतचुंबकीय लहरी मोजायचं काम केलं. विजेच्या तारा, मोठी यंत्रं, मोबाइलचे टॉवर यांच्या आसपास माणसाच्या अंगावर किती काय पडतं ते मीटरवर बघायचं, तक्त्यात भरायचं आणि खाली ‘मर्यादेच्या आत’ असा शेरा मारायचा. बहुतेक वेळा शेरा तोच असायचा. या कामाचं एक दुःख आहे. ताप मोजला आणि नॉर्मल निघाला तर माणूस खूश होतो. टॉवरचा आकडा नॉर्मल निघाला तर त्याला आपली फसवणूक झाल्यासारखं वाटतं. आपल्या भीतीची मी किंमत कमी केली, अशा नजरेनं लोक माझ्याकडे बघायचे. निवृत्तीनंतर इतर बायका यात्रेला जातात, मी हौसेनं स्वतःचा मीटर घेतला. तो मला लागणार नाही असं घरचे म्हणत होते. मग समोरच्या इमारतीच्या गच्चीवर टॉवर उभा राहिला आणि घरचे गप्प झाले.

वारज्यात आमच्या गल्लीत तोपर्यंत कोणाला काही होत नव्हतं असं नाही. गुडघे दुखत होते, केस गळत होते, झोप लागत नव्हती. पण टॉवर आल्यावर या सगळ्याला पत्ता मिळाला. एका बाईंची तुळस वाळली तीही टॉवरमुळेच. त्या तिला पाणी न घालता आठवडाभर कोकणात जाऊन आल्या होत्या, हे मी सांगून पाहिलं, पण तेवढ्यासाठी त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. भाडं त्यांना आणि किरणं आपल्याला, हे आमच्या चेअरमनचं वाक्य लिफ्टमध्येसुद्धा ऐकू यायचं.

या सगळ्यात एकाच माणसाची काळजी खरी होती. माझ्या खालच्या मजल्यावर हिंजवडीत नोकरी करणारी एक मुलगी भाड्यानं राहायची. तिला सातवा महिना लागला होता, नवरा कंपनीच्या कामासाठी परदेशी होता आणि आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. म्हणून अमरावतीकडून तिचे वडील येऊन राहिले होते. लेक माहेरी जाते, इथे माहेरच बॅग भरून वारज्यात आलं होतं. वडील निवृत्त मुख्याध्यापक. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि बायकोनं जे केलं असतं ते सगळं आपण करायचं असा पण. डिंकाचे लाडू त्यांनी फोनवर बघून केले होते. एक मलाही आणून दिला. त्याचा अभिप्राय मी राखून ठेवला.

मुलीचं डोकं दुखायचं, मळमळायचं, चक्कर यायची. डॉक्टरांनी तपासलं, रक्त बघितलं, या दिवसांत असं होतं म्हणून सांगितलं. वडिलांचं त्यावर समाधान होईना. ते वर आले.

“मॅडम, जरा मोजून देता का? पोरीचं डोकं दुखूनच राह्यलं. त्या टॉवरचं तोंड आमच्याच खिडकीकडे आहे.”

मी गेले. हॉल, झोपायची खोली, तिचं कामाचं टेबल, सगळीकडे मीटर धरला. टॉवरचं जे काही आत येत होतं ते मर्यादेच्या पुष्कळ खाली होतं. सगळ्यांत मोठा आकडा आला तो मुख्याध्यापकांच्या शर्टाच्या खिशातल्या फोनपाशी. त्यांनी फोन असा काढून ठेवला, जणू तो वर्गात कॉपी करताना सापडला होता. मी न्हाणीघरातही डोकावले. भिंतीवर गिझर होता.

“हा विजेवरचा?” मी विचारलं.

“नाही जी, गॅसवरचा. घरमालकानं आधीच बसवलेला आहे.”

“मग याचा प्रश्नच नाही,” मी म्हटलं आणि दार ओढून घेतलं. हे वाक्य मी शब्दशः म्हटलं होतं. माझ्या तक्त्यात गॅसला रकाना नव्हता.

निघताना मुलगी म्हणाली, “काकू, सकाळी आंघोळ झाली की जास्त दुखतं. ऑफिसचा कॉल सुरू होईपर्यंत अगदी नको होतं.” मी तिला गरम पाण्यानं रक्तवाहिन्या सैल होतात वगैरे समजावलं आणि पाणी कोमट घे म्हणून सांगितलं. ती हो म्हणाली. थंडीचे दिवस होते, कोमट कोण घेतंय.

पुढच्या रविवारी सोसायटीची सभा भरली. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या आणि विषय एकच होता. मी उभी राहून आकडे सांगितले. लोकांनी ते ऐकून घेतले आणि बाजूला ठेवले. मीटर चायनाचा आहे का, असं एकानं विचारलं. तुम्ही मोजायला येणार हे कळल्यावर त्यांनी टॉवर कमी केला असेल, असं दुसरा म्हणाला. पाऊण तास मी हे ऐकत होते. माझं डोकं तापलं की आवाज खाली येतो आणि शब्द फार नम्र होतात. घरचे अशा वेळी खोलीबाहेर जातात. पार्किंगमध्ये तशी सोय नव्हती.

“मॅडम, पण अडवायचं कसं ते सांगा ना,” मागच्या रांगेतून मुख्याध्यापकांनी विचारलं.

“फार सोपं आहे,” मी म्हटलं. “स्वयंपाकघरात पोळ्या गुंडाळायची फॉइल असते ना? ती लावा सगळ्या खिडक्यांना. झरोकेसुद्धा सोडू नका. लहर काय, डासही आत येणार नाही.”

पार्किंग हसलं. तुळसवाल्या बाईसुद्धा हसल्या, म्हणजे आमचं बोलणं पुन्हा सुरू व्हायला हरकत नव्हती. मी खाली बसले. असं एखादं वाक्य जमून गेलं की संध्याकाळपर्यंत माझी तब्येत छान राहते. मुख्याध्यापक हसले नव्हते. त्यांनी खिशातून पेन काढून काहीतरी लिहून घेतलं होतं. ते मी बघितलं आणि विदर्भातला माणूस साधा असतो, त्याला आपला टोमणा कळायला वेळ लागतो, असं मनात म्हणून आणखी थोडी खूश झाले.

चार-पाच दिवसांनी ते पुन्हा दारात. चेहरा उतरलेला. “मॅडम, फॉइल लावली तरी तिला आराम नाही. उलट वाढलंय.”

“फॉइल?” मी म्हटलं.

खाली गेले तर भर सकाळी घरात दिवे लावलेले. प्रत्येक खिडकीला आतून फॉइल. आणि काय लावली होती! शाळेच्या वह्यांना कव्हरं घालावीत तशी कोपरे दुमडून, चिकटपट्टी सरळ रेषेत, कुठे फुगा नाही की सुरकुती नाही. मला हसू आवरेना. ते त्यांच्यासमोर आवरलं, एवढाच माझा मोठेपणा. मग मी व्याख्यान दिलं. खिडक्या झाकल्यामुळे घरात रेंज येत नाही, रेंज आली नाही की फोन जास्त जोर लावतो, म्हणजे फॉइलमुळे मुलीच्या कानापाशी आधीपेक्षा जास्तच लहरी आहेत. ते सगळं खरं होतं. मीटर लावून मी ते सिद्धही करून दाखवलं. मुलगी सोफ्यावर डोळे मिटून बसली होती. तिचा चेहरा मला जरा जास्तच गुलाबी वाटला, तेज आलंय असं मी म्हटलंसुद्धा.

“काकू, तुम्ही एकदा सकाळी आंघोळीच्या वेळी मोजाल?” तिनं विचारलं. “तेव्हाच होतं हो मला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी तिपाईसकट हजर झाले. ती नुकतीच आंघोळीला गेली होती. मुख्याध्यापक चहा टाकत होते. मी म्हटलं, तोवर मी बाहेर पॅसेजमध्ये लावते. न्हाणीघराच्या दारासमोर तिपाई मांडली, त्यावर मीटर बसवला. नुसता एक आकडा बघून भागत नाही. लहरी कमी-जास्त होत असतात, म्हणून आम्ही एका जागी सहा मिनिटं थांबून सरासरी काढायचो. मी घड्याळ लावलं. आत पाणी पडत होतं, गिझर घरघरत होता.

इतका स्वच्छ आकडा मी आयुष्यात पाहिला नव्हता. जवळजवळ शून्य. मी वहीत लिहून घेतला. दुसऱ्या मिनिटाला तोच, तिसऱ्याला तोच. चौथ्या मिनिटाला आत बादली वाहायला लागल्याचा आवाज आला. मुलगी बाई पाणी फार वाया घालवते, असं माझ्या मनात आलं. पाचव्या मिनिटाला काहीतरी पडलं, तांब्या असावा. मी दाराकडे पाहिलं आणि पुन्हा मीटरकडे पाहिलं. आता एकच मिनिट राहिलं होतं आणि मध्येच हललं की सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

सहा मिनिटं पूर्ण झाल्यावर मी हाक मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. मुख्याध्यापक हातात चहाची गाळणी घेऊन बाहेर आले, माझा चेहरा बघितला आणि त्यांनी दाराला खांदा लावला. दुसऱ्या धक्क्याला कडी निघाली. ती भिंतीला टेकून खाली बसली होती, मान एका बाजूला. वर झरोक्याला फॉइल होती, कोपरे नीट दुमडलेले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गॅस जळत होता, हवा यायला जागा नव्हती, आणि अर्धवट जळण्यातून जो विषारी वायू होतो, ज्याला रंग नाही, वास नाही, तो रोज थोडा थोडा तिच्या अंगात जात होता. झरोका थंडीमुळे आधीपासूनच अर्धा बंद असायचा. तो पूर्ण बंद मी केला होता.

आम्ही दोघांनी तिला चादरीत गुंडाळून ओढत गॅलरीत आणलं. मी गिझर बंद केला आणि हॉलची फॉइल दोन्ही हातांनी फाडली. समोर टॉवर दिसला. त्याचा मला त्या क्षणी भयंकर राग आला, कारण त्यानं काहीही केलं नव्हतं.

हॉस्पिटलात तिला प्राणवायू लावला. तासाभरानं ती डोळे उघडून वडिलांना ओळखू लागली, पण बाळाचं अजून काही सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी तो प्रश्न विचारला.

“गॅस गिझर चालू असताना झरोका बंद करायला तुम्हाला सांगितलं कोणी?”

मी तोंड उघडलं होतं. मुख्याध्यापक माझ्या आधी बोलले. “कोणी नाही जी. मीच लावली माझ्या मनानं.”

आणि मी तोंड मिटून घेतलं. बाई जरा रागावून त्यांना बोलल्या, शिकलेली माणसं असून असं कसं करता, वगैरे. ते मान खाली घालून ऐकत होते. मीही ऐकत होते. आयुष्यात मी बऱ्याच गोष्टींत कमी पडले असेन, पण त्या दोन मिनिटांइतकी लाज मला दुसऱ्या कशाचीच वाटत नाही.

त्या गेल्यावर बाकावर आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, “सर, तुम्ही खोटं का बोललात? सभेत मी सांगितलं होतं. आणि तेही चेष्टेनं. तुम्हाला ते खरं वाटेल असं मला वाटलं नाही.”

“चेष्टा होती ते समजलं होतं, मॅडम,” ते म्हणाले. “पस्तीस वर्षं वर्गात उभा होतो. पोरं कोणाला हसून राह्यली हे मास्तरला समजते.”

“मग लावलीत काहून?” घाईत मी त्यांच्याकडचाच शब्द वापरला.

“तुम्ही हसत का होईना, शास्त्र सांगत होत्या ना. घरी येऊन वाचलं मी. लहरी अडतातच त्यानं. म्हटलं, लोक हसले तर हसू देत. तिची आई असती तर तिनं काय काय नसतं केलं. हवेचं मात्र माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं. सातवीच्या पोरांना शिकवलंय मी ते, ज्वलनाला प्राणवायू लागतो म्हणून.”

मी त्यांना सांगायला लागले, की तो गिझर मी पाहिला होता, याचा प्रश्नच नाही असं मीच म्हटलं होतं, ती दोनदा आंघोळीचं सांगत होती आणि मी दोनदा ऐकलं नाही, आज दाराबाहेर बादली वाहताना मी घड्याळ बघत होते. नीट सांगता आलं नाही. तेवढ्यात नर्सनं आत बोलावलं.

मुलगी पडून होती. पोटाला पट्टा लावलेला आणि शेजारच्या यंत्रातून बाळाचे ठोके ऐकू येत होते, घाईघाईनं पळत सुटल्यासारखे. पडद्यावर आकडा होता आणि तो सारखा बदलत होता. मुख्याध्यापकांनी चष्मा पुसून तो वाचला. मग त्यांनी नर्सला विचारलं नाही. ते माझ्याकडे वळले, पूर्वीच्याच विश्वासानं.

“मॅडम, आकडा बरोबर आहे ना हा?”

“मला माहीत नाही हो, सर,” मी म्हटलं आणि मला रडू फुटलं.

“चांगले आहेत ठोके, काका,” नर्स म्हणाली. “या मावशींना जरा खुर्ची द्या.”

त्यांनी खुर्ची ओढली, मला बसवलं आणि खोलीची खिडकी उघडायला गेले.