कुकरवरचा आळ

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. विलासदादा हयात होते तेव्हा तशी सोयच नव्हती, कारण हॉलंडमधल्या या रायस्वाइक गावात आम्हा मराठी मंडळींपैकी निम्म्यांची घरं, गाड्या आणि डॉक्टर त्यांनीच बघून दिलेले. उपकार इतके करून ठेवलेले, की तोंड उघडायची चोरी.

कोणी काही करायला वाकलं, की दादांचा खांदा आधी यायचा आणि मागून वाक्य. "बाजूला हो, मी करतो." नव्या जोडप्याचं कपाट असो, कोणाच्या सायकलची चेन असो, गणपतीची आरास असो. ईराच्या वेळी मला कळा सुरू झाल्या, तेव्हा निखिलला, माझ्या नवऱ्याला, त्यांनी स्टिअरिंगवरून असंच उठवलं होतं आणि गाडी स्वतः दवाखान्यात नेली होती. हे मी विसरलेले नाही. पण एका होळीला त्यांनी माझ्या हातून पुरणाचा उंडाही असाच काढून घेतला, तेही विसरलेले नाही. पोळी फुटली. दादा म्हणाले, "तुझी कणीक सैल आहे." चूक म्हणून त्यांच्या हातून होत नसे. ती कायम समोरच्याच्या कणकेत असायची.

दादांकडे फाउवाखन होती. म्हणजे गाडीमागे हुकाला जोडून ओढायची चपटी पेटी. कॅम्पिंगला पोचलं, की उलगडून तिचा ऐसपैस तंबू होतो. दर उन्हाळ्यात आम्ही चार-पाच कुटुंबं मास्ट्रिख्टजवळच्या टेकड्यांत मुक्कामाला जायचो. त्या वर्षी आमची गाडी गॅरेजमध्ये पडली होती, म्हणून निखिल, सहा वर्षांची ईरा आणि मी दादांच्या गाडीतून निघालो. त्यांच्या पत्नी मेधावहिनी पुढच्या सीटवर होत्या.

निघायच्या आधी दादांनी त्यांच्या दोन इलेक्ट्रिक आणि आमच्या दोन साध्या, अशा चारही सायकली फाउवाखनच्या पाठीला लावलेल्या स्टँडवर टांगल्या. सी-सॉ कधी खेळलेल्या माणसालाही कळावं अशी गोष्ट. मी म्हटलं, दादा, चाकांच्या मागे एवढं वजन गेलं, तर पुढचा दांडा हलका होईल, दोन तरी टपावर घेऊ या. उत्तर तुम्हाला पाठ झालंच असेल. वर, वीस वर्षं ओढतोय मी, असंही ऐकवलं. मग मला फर्मान निघालं, की स्वयंपाकाचं सगळं मागच्या खणात टाक. मी पाच लिटरचा कुकर, तांदळाची पिशवी आणि पोळपाट-लाटणं मुकाट्याने मागे ठेवलं.

आइंडहोवन मागे पडलं. पुढे एका ट्रकला ओलांडताना वाऱ्याचा झोत बसला आणि फाउवाखन शेपूट हलवायला लागली. आधी जराशी, मग एवढी, की गाडीच डावी-उजवीकडे झुलायला लागली. ईरा किंचाळत होती. दादांनी कशीबशी गाडी आवरून कडेला घेतली, पण तोवर स्टँड तुटून माझी सायकल रस्त्यावर पडली होती आणि तोच ट्रक तिच्यावरून गेला होता. निळी सायकल, इथल्या पहिल्या पगारातून घेतलेली. कोणाला खरचटलं नाही, हे नशीब. मी ईराला पोटाशी धरून उभी होते. दादा उतरले, थेट मागे गेले, खण उघडला आणि माझा कुकर बाहेर काढून सगळ्यांसमोर धरला.

"तरीच म्हटलं मागे एवढं जड काय झालंय."

कॅम्पिंगला पोचल्यावर त्यांनी हेच सगळ्यांना रंगवून सांगितलं. त्या दिवसापासून माझं नाव कुकर झालं. हळदीकुंकू असो, कोजागिरी असो, कोणी ना कोणी विचारणारच, चित्रा, आज कुकर कुठे ठेवलायस? मी हसायचे. निखिल म्हणायचा, सोडून दे. सोडून देणं हा त्याचा छंदच आहे.

सोडलंही असतं कदाचित. पण दोन-तीन वर्षांनी एका सकाळी पावाला लोणी लावता लावता ईराने डचमध्ये, अगदी सहज विचारलं, "ममा, तुझ्या कुकरमुळे तेव्हा आपण सगळे मरणार होतो ना?" माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सायकल गेली ती गेली. पण माझ्या पोटच्या पोरीने मला असं ओळखावं? मी ठरवलं, की ही गोष्ट दादांच्या तोंडून सगळ्यांसमोर वदवून घ्यायची. कुकर नव्हता, सायकली होत्या, एवढं एक वाक्य.

मी जुनी फाउवाखन विकत घेतली आणि अभ्यासाला बसले. जड सामान चाकांच्या बरोबर वर ठेवायचं. सायकली पुढच्या दांड्यावरच्या स्टँडवर, त्याही हुकाला झेपतील तेवढ्याच. उरलेल्या गाडीच्या टपावर. पट्टे आवळले, की थोडं अंतर जाऊन थांबायचं आणि पुन्हा आवळायचे. आणि निघण्यापूर्वी दांड्याखाली घरातला वजनकाटा ठेवून पुढे पुरेसा भार आहे ना, हे बघायचं. सूड घ्यायचा असला, की माणूस काय काय शिकतो.

पुढच्या उन्हाळ्यात कॅम्पिंगवर सगळे चहाला जमले असताना मी माझ्या मिटलेल्या फाउवाखनच्या दांड्याखाली काटा सरकवला आणि मंडळींना बोलावलं. आधी मागच्या खणात कुकर आणि तांदूळ ठेवले. आकडा किंचित उतरला. ते काढून मागच्या स्टँडवर एकेक सायकल टांगत गेले. आकडा धडाधड खाली येऊ लागला आणि चौथ्या सायकलीला दांडा काट्यावरून आपोआप वर उचलला गेला. मी दादांकडे बघत उभी राहिले.

दादांनी चहाचा घोट घेतला. "काटा बिघडलाय तुझा."

"मग तुम्ही काट्यावर उभे राहून बघा," मी म्हटलं.

सगळ्यांच्या देखत आता नाही कसं म्हणणार? उभे राहिले. मेधावहिनी शांतपणे पुढे झाल्या आणि वाकून आकडा वाचला. "एकोणनव्वद. आमच्या घरच्या काट्याएवढंच."

मंडळी हसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दादांना हसली. पुरणपोळीवर तूप पडावं तसं झालं मला, खोटं कशाला बोलू? पण ते वाक्य काही आलं नाही. दादा खुर्ची उचलून तंबूच्या मागे जाऊन बसले. नंतर मी नसताना ते कुकरचीच गोष्ट सांगत, असं कानावर यायचं. त्या हिवाळ्यात त्यांना हार्ट अटॅक आला आणि ते गेले. गेले आणि सुटले, माझं वाक्य घेऊन. शोकसभेत मी रडले ती निम्मी रागाने. बाकीची निम्मी त्या दवाखान्याच्या वाटेसाठी होती.

उन्हाळ्याच्या तोंडावर मेधावहिनींचा फोन आला. फाउवाखन काढायची आहे, एकटीच जाणार आहे, जरा येशील का? मी काटा घेऊन गेले. दांड्यावर त्यांची सायकल चढवलेली होती. मी पट्टा हातात घेतला तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तुझी सायकल गेली त्या दिवशी तू यायच्या आधीच मी यांना सांगितलं होतं, मागे नको, सायकली टपावर घ्या म्हणून."

मी पट्टा तसाच धरून त्यांच्याकडे वळले. "मग तेव्हा बोलला का नाहीत? एवढी वर्षं सगळे मला हसत होते."

"तुला हसत होते, तोवर आमच्या घरात शांतता होती," वहिनी म्हणाल्या. आवाज चढवला नाही, माफीही मागितली नाही.

दादांवरचा सगळा राग उठून या बाईवर जाऊन बसला. तोंडावर आलं होतं माझ्या, पट्टा टाकून निघून जावंसं वाटलं. पण वहिनींनी माझ्या मुठीवर हात ठेवून तो पट्टा काढून घेतला. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला.

"बाजूला हो, चित्रा. मी करते."

तीस वर्षं त्या घरात हे वाक्य कोणाच्या वाट्याला किती आलं असेल, ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी बाजूला झाले. वहिनींनी पट्टा आवळला, आपला कुकर दोन्ही चाकांच्या मधोमध बसवला, काट्यावरचा आकडा वाचला आणि किल्ली आणायला आत गेल्या. त्यांची पाठ वळल्यावर मी पट्टा जोर लावून ओढून बघितला. सैल निघाला असता, तर मला बरं वाटलं असतं. पट्टा पक्का होता.