काकांचा टचपॅड

दामूकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी सदर भागातल्या एका ऑफिसात कुणाचा तरी प्रिंटर जोडून देत होते. माझं कामच ते, दुसऱ्यांची यंत्रं सुरळीत करून देण्याचं. दीड महिन्यानं आज लिहायला बसले आहे ते दुःखापेक्षा लाजेनं...

काका उमरेडचे, आमच्या घरातले शेवटचे विणकर. माग बंद पडल्यावर वाडीच्या एका गोदामात त्यांनी वीस वर्षं ट्रकमधला माल उतरवून घेतला. निवृत्त झाल्यावर त्यांच्या मनानं घेतलं, माग कसा लावायचा ते सगळं लिहून ठेवायचं. ऑफिसातून निघालेला एक जुना लॅपटॉप मी त्यांना लिनक्स टाकून दिला. टचपॅडवर बोट फिरवणं त्यांना जमेना, म्हणून माउसही दिला. पण टचपॅड चालूच राहिला. टाइप करताना त्यांचे रुंद तळवे त्यावर टेकत, कर्सर भलतीकडे उडी मारी आणि पुढचे शब्द वरच्या कुठल्या तरी ओळीत जाऊन बसत.

"काहून वं, माउस लावला का हे खालचं बंद नाही करता येत?" त्यांनी फोनवर विचारलं.

"येते ना काका. रविवारी येऊन करून देईन."

तो रविवार आलाच नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, मग पुन्हा... दिवाळीत सगळे जेवायला बसलेले असताना त्यांनी तोच विषय काढला, तेव्हा मी सर्वांदेखत म्हणाले, "काका, मशीन बरोबर आहे. तुमचेच हात चुकून राहिले." दोघंचौघं हसले. काकांनी हात मांडीवर घेतले. "असंल बाप्पा," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही लिहायलाच हवं.

तेरवीनंतर काकूनं लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. "पाह्य बरं, त्यायनं लिहेलं निघते का." टचपॅडवर साडीच्या खोक्याचा दुहेरी पुठ्ठा चिकटवलेला होता, कडा अगदी सरळ कापलेल्या. फाइल उघडली. सुरुवातीची पानं विस्कटलेली, ताण्याच्या, म्हणजे उभ्या दोऱ्यांच्या वाक्यात बाण्याचे, आडव्या दोऱ्यांचे अर्धे शब्द. मध्येच लिहिलेलं, 'ओळ उडाली, परत लिहितो.' एकच भाग तीनतीनदा. मग एकदम चार स्वच्छ पानं, पुठ्ठा तेव्हा लागला असावा. मागाच्या फणीत दोरे कसे भरायचे, इथं येऊन लिखाण थांबलं. पुढचं सांगणारं आता घरात कुणी नाही.

मी सेटिंग उघडलं. बाहेरचा माउस जोडल्यावर टचपॅड बंद ठेवायचा, एवढ्यावर खूण करायची होती. केली. दोन मिनिटंही लागली नाहीत. मग पुठ्ठा काढायला त्याची कड उचलली.

"राहू दे वं," काकू म्हणाली. "दोन दिवस बसून लावला त्यायनं. मी म्हटलं, पोरीले बोलवा. तं म्हणे, तिले लय काम रायते."

मी उचललेली कड अंगठ्यानं दाबून परत बसवली.