आठ खुर्च्यांचं टेबल

"मैडम, आपका टेबल चेंज हो गया है."

जहाजाच्या जेवणाच्या हॉलच्या दारात तो उभा होता. काळा कोट, छातीवर नावाची पट्टी. माझं कार्ड त्याने मशीनला लावलं होतं आणि तो स्क्रीनकडे बघत होता. मागे रांग होती. शेजारी आई. तिने करोल बागेतून आणलेली मोतिया रंगाची नवी साडी नेसली होती.

"किसने चेंज किया?"

"आपके ग्रुप से ही रिक्वेस्ट आई थी, मैडम. आइए."

तो पुढे चालायला लागला. आम्ही त्याच्या मागे. खिडकीजवळचं आमचं टेबल वाटेत लागलं. आठ खुर्च्यांचं. सहा खुर्च्यांवर आमच्याच सोसायटीतली सहा माणसं बसली होती. सातवी खुर्ची मोकळी. आठव्या खुर्चीवर, जिथे आदल्या दिवशी आई बसली होती, मंगलकाकूंची पर्स आणि शाल.

कुणी वर बघितलं नाही. प्रभाकरकाका मेन्यू वाचत होते. नीता ग्लासातलं पाणी पीत होती. ग्लास रिकामा झाला तरी तिने तो तोंडाजवळून काढला नाही.

आम्हाला अगदी आतल्या बाजूला नेलं. खांबाच्या मागे दोघांचं छोटं टेबल. बाजूला किचनचं दार. ते दर थोड्या वेळाने धाडकन उघडायचं, ट्रे घेऊन वेटर बाहेर यायचा, दार परत झुलत बंद व्हायचं. आई बसली. नॅपकिन मांडीवर पसरला. मीही बसले.

सूप आलं. मी प्यायले. कशाचं होतं ते आठवत नाही.

राग आला नाही. लोकांना वाटतं अशा वेळी राग येतो. मला काहीच आलं नाही. मी चमचा उचलत होते, ठेवत होते, उचलत होते.

मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत मराठी घरं मोजकीच. त्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. प्रभाकरकाका त्याचे अ‍ॅडमिन. बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. संक्रांत, कोजागिरी, सहली, सगळं तेच ठरवतात. मुंबईहून सुटणाऱ्या आणि कोचीला जाऊन परत येणाऱ्या क्रूझचं त्यांनीच काढलं. काका आणि त्यांच्या पत्नी मंगलकाकू, नीता आणि तिचा नवरा, आणखी एक जोडपं, आणि आम्ही दोघी मायलेकी. आठ जण.

मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. बाबाही सरकारी नोकरीत होते. माझं सगळं लहानपण सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये गेलं. मूळचे आम्ही वर्धेकडचे. आडनाव गावावरून आलेलं, शेवटी 'कर' असलेलं. त्यावरून कुणाला काही कळत नाही. लोक आपल्या सोयीने धरून चालतात आणि चांगलं वागतात.

फक्त नीताला माहीत होतं. आम्ही रोज एकाच मेट्रोने जातो. ती बाराखंबाला उतरते, मी पुढे गाडी बदलते. एकदा तिला सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "यार, मी असलं काही मानतच नाही." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. मला तेव्हा बरं वाटलं होतं.

जहाजावर जेवायला बसायची एक पद्धत असते. चढलं की कार्ड मिळतं. खोलीची चावी तेच, ओळखपत्र तेच. त्यावर जेवणाची वेळ आणि टेबल नंबर छापलेला. जेवणाच्या दोन पाळ्या, एक संध्याकाळची, एक उशिराची. एकदा नंबर मिळाला की रोज तेच टेबल, तोच वेटर, तीच माणसं. एकत्र बुकिंग केलेल्यांना एकत्र बसवतात. वरच्या मजल्यावर बुफे असतो. तिथे कुणीही कुठेही बसावं. पण खालचा हॉल म्हणजे मानाचा. पांढरे टेबलक्लॉथ, तीन-तीन काटे. आई त्या काट्यांना हसली होती. "एवढ्यानं काय शेत नांगराचं आहे का?" असं म्हणाली होती. पहिल्या संध्याकाळी. तेव्हा सगळेच हसले होते.

त्याच जेवणात मंगलकाकूंनी विचारलं, "आजी, तुमच्याकडे गौरी कशा असतात? उभ्याच्या की खड्यांच्या?"

प्रश्न गोड आवाजात होता. मी काहीतरी बोलून विषय बदलणार होते. मला ते चांगलं जमतं. पण आई आधीच बोलली.

"आमच्याकडे गौरी नसते बाई. आम्ही बौद्ध आहोत."

घरात पाणी कधी येतं ते सांगावं, तशी बोलली. आणि पुढे सांगतच राहिली. बाबांबरोबर लग्न होऊन दिल्लीला आली तेव्हा हिंदी कशी येत नव्हती, भाजीवाल्याला वांगी कशी बोटाने दाखवायची. तिला खूप दिवसांनी इतकी माणसं ऐकायला मिळाली होती.

"हो का? अच्छा, अच्छा," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "पण मॅडमकडे बघून वाटत नाही हो. बिल्कुल नाही."

त्यांना ते कौतुक वाटत असावं. नीताचा नवरा प्लेटमध्ये बघत होता. काका वेटरला म्हणाले, "फिश थोड़ा और लाओ." आई बोलत होती. तिला कळायला थोडा वेळ लागला की कुणी ऐकत नाहीये. मग तीही थांबली.

एवढंच झालं होतं. दुसऱ्या संध्याकाळी टेबल बदललं.

जेवण झाल्यावर आम्ही बाहेर पडलो, तर काका दाराशी भेटले. दात कोरत होते. "काय मॅडम, मिळाली ना शांत जागा? म्हटलं आजींना आमच्या गडबडीत अवघडल्यासारखं होत असेल. आणि आमच्या हिला ते व्हेज-नॉनव्हेज एका टेबलावर चालत नाही."

माझी आई शाकाहारी आहे. मांस-मच्छी तिने कित्येक वर्षं तोंडात घातलेली नाही. आदल्या दिवशी टेबलावर मासा एकाच माणसाने खाल्ला होता. तो माणूस माझ्यासमोर उभा राहून दात कोरत होता.

मी "हो" म्हणाले. फक्त "हो". माझ्याच तोंडातून आला तो शब्द. मग आम्ही लिफ्टकडे गेलो.

सकाळी वर बुफेत नाश्त्याला गेलो. सगळीकडे ऊन. लोक प्लेटा घेऊन मिळेल तिथे बसत होते. आईने उपमा घेतला आणि चमच्याने नुसता इकडेतिकडे केला.

"एक विचारू का तुले?"

"विचार ना."

"टेबल तूच बदलवून घेतला ना?"

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय.

"काल दाराशी तू काकायले 'हो' म्हणाली. मी परवा सांगून टाकलं ना, बौद्ध आहो म्हणून. तुले नसल आवडलं. ते माणसं तुह्या ओळखीचे. तुले तिथं राहाचं आहे. मी काही मनात नाही घेतलं पोरी. फक्त मले आधी सांगतलं असतं तर मी जेवालेच नसती आली."

ती रागावली नव्हती. मला समजून घेत होती. रात्रभर ती हे मनात घेऊन माझ्या शेजारी झोपली होती, की माझ्या मुलीनेच मला खांबामागे बसवलं.

तिथे माझं काहीतरी हललं. दुखलं असं म्हणणार नाही. दाढ काढताना इंजेक्शन दिलेलं असतं, दुखत नाही, पण आत काहीतरी ओढलं जातंय हे कळतं. तसं.

"आई, मी नाही बदललं. त्यांनी बदललं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने उपमा खाल्ला. सगळा.

मी उठले आणि खाली गेले. जेवणाच्या हॉलचा मॅनेजर त्या वेळी तिथे बसतो, टेबल बदलून हवं असेल त्यांनी त्याला भेटायचं असतं. मी त्याला विचारलं, माझी जागा माझ्याशी न बोलता कशी बदलली?

तो जरा गोंधळला. "मैडम, हमें बताया गया कि आपकी माताजी को भीड़ में तकलीफ़ होती है. आप ख़ुद अलग बैठना चाहती हैं."

"किसने बताया?"

"आपके ग्रुप लीडर ने."

"मैंने नहीं कहा. मेरी माँ ने नहीं कहा."

त्याने स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. काय समजायचं ते समजला असावा, किंवा नसेलही. म्हणाला, "तो आपकी सीट वहीं है, मैडम. जहाँ थी."

संध्याकाळी आईने परत तीच मोतिया साडी नेसली. आम्ही जरा लवकरच खाली गेलो, पण ते सहाही जण आधीच बसलेले होते. मी आईच्या खुर्चीवरची पर्स आणि शाल उचलली. मंगलकाकूंच्या हातात दिली. खुर्ची मागे ओढली. आई बसली. मग मी बसले.

"अहो मॅडम," काका हसत म्हणाले, "तुमचं टेबल तिकडे आहे ना?"

"नाही. इथेच आहे."

"आम्ही तुमच्या सोयीसाठीच—"

"तुम्ही खोटं सांगितलंत, काका. मी वेगळं बसायचं म्हणाले नव्हते. आई बौद्ध आहे म्हणाली, म्हणून तुम्ही आम्हाला उठवलंत."

माझा आवाज चढला नव्हता. मलाच तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. शेजारच्या टेबलावरचं एक गुजराती कुटुंब आमच्याकडे बघायला लागलं.

"हे काय बोलणं झालं? इतकी वर्षं एकत्र राहतो आपण. यात जात कुठून आली?"

"गौरींबरोबर आली," मी म्हणाले.

काकू उठल्या. डोकं दुखतंय म्हणाल्या. काका त्यांच्या मागे. मग ते दुसरं जोडपं, नॅपकिनची नीट घडी घालून. नीताचा नवरा उभा राहिला आणि नीताकडे बघत थांबला.

नीता बसून होती. मी तिच्याकडे बघितलं. तिला आवाज दिला नाही. ती स्वतःहून बसून राहायला हवी होती.

तिने मोबाइल उचलला. "मी नंतर बोलते तुझ्याशी," म्हणाली. आणि गेली.

सहा रिकाम्या खुर्च्या. सहा जणांचे काटे-चमचे तसेच मांडलेले. वेटर आला, त्याने विचारलं, "बाकी लोग आएँगे, मैडम?"

"नहीं. आप खाना लगाइए."

आई जेवली. भात परत मागून घेतला. मी तिच्यासमोर बसून जेवले. त्या दिवशीचं सगळं आठवतं. दाल मखनी होती, पनीर होतं, आणि भात जरा जास्त शिजलेला होता.

दिल्लीला परत आल्यावर सोमवारी मेट्रोत नीता भेटली. रोजच्यासारखी डब्यात माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"एवढं ताणायला नको होतं यार तू. काकांचं वय झालंय. तेवढ्यावर सोडून द्यायचं."

"माझ्या आईचं वय झालेलं नाहीये का?"

"मी मानत नाही गं असलं काही. तुला माहितीये."

"तू उठलीस, नीता."

"सगळे उठले म्हणून—"

"हो. म्हणूनच."

गाडीने यमुना ओलांडली. पुढच्या स्टेशनला डबा भरला, तशी ती सरकत सरकत दाराकडे गेली. दुसऱ्या दिवसापासून ती आधीच्या गाडीने जायला लागली.

ग्रुपवर जहाजाचे फोटो येत होते. सूर्यास्त, डेक, टोप्या घातलेले काका. खाली अंगठे, फुलं. मी जे झालं ते मराठीत लिहिलं. कोण काय म्हणालं तेवढंच. एकही विशेषण वापरलं नाही. ग्रुपवर टाकलं. थोड्या वेळात काकांनी ते काढून टाकलं. मी परत टाकलं. त्यांनी मला ग्रुपमधून काढलं.

मग सोसायटीची वार्षिक सभा आली. पार्किंग, पाण्याची टाकी, लिफ्ट असे विषय चालले होते. शेवटी सेक्रेटरींनी विचारलं, और किसी को कुछ कहना है? मी उभी राहिले. सगळं हिंदीत सांगितलं. पंजाबी होते, बंगाली होते, आमचे मराठी होते. काका पहिल्या रांगेत होते. मी त्यांचं नाव घेतलं.

मग सेक्रेटरी म्हणाले, "मैडम, ये तो आप मराठी लोगों का आपस का मामला है."

"नहीं है," मी म्हणाले. "इसको मीटिंग में दर्ज कीजिए."

त्यांनी नोंदवलं नाही. चहा आला. लोक समोसे घ्यायला उठले. कुणी येऊन माझ्याशी बोललं नाही. काका माझ्या अगदी जवळून गेले, आणि मी तिथे नाहीच असं समजून त्यांनी चटणी वाढून घेतली.

घरी आले. आईने विचारलं, "काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले."

"मग?"

"पुढच्या महिन्यात कमिटीची निवडणूक आहे. मी उभी राहतेय. काकांच्या विरोधात."

"हारशीन."

"हो."

हरेन. मतं मला मोजून बघायचीही गरज नाही. पण प्रचाराला मी दारोदार जाणार आहे, एकेका मजल्यावर, आणि दार उघडलं की आधी नाव सांगेन, मग सांगेन की मी बौद्ध आहे, मग या माणसाने काय केलं ते सांगेन. ज्याला दार लावायचं त्याने लावावं. मी कुणाच्या प्रश्नाची वाट बघणार नाही. वाट बघण्यात माझी चाळीस वर्षं गेली, आणि त्यात माझ्या आईला माझी शंका आली.

ते पुन्हा होऊ देणार नाही.