तोफगोळ्यातला झेंडू

पहिली चापट बसली तेव्हा माझ्या हातात झेंडूची फुलं होती. ओली. देठांचं पाणी मनगटावरून शर्टाच्या बाहीत चाललेलं. चापट तशी मोठी नव्हती. बैलाच्या पुठ्ठ्यावर मारतात तसली, लाडातली म्हणा. पण सगळी कंपनी गोल करून उभी होती, मालक समोर होते, आणि मारणाऱ्यानं मारून झाल्यावर विचारलं,

"दुसरा गाल कुटंय रं? तुमच्यात देत्यात ना?"

लोक हसले. मी काय केलं? मीही हसलो. मान वळवून, दात काढून, दुसरा गाल पुढं केला. त्यांनी तोही घेतला.

मारणारे आण्णा. मावळात, नवलाख उंबरे गावाजवळ, ज्या जमिनीवर आमची कंपनी उभी आहे, ती पूर्वी त्यांच्या घराण्याची. जमीन गेली, पण कंपनीला माणसं पुरवायचा ठेका आला. ठेक्यावरच्या कामगाराचा गेटपास आण्णांच्या शब्दावर निघतो आणि आण्णांच्या शब्दावर बंद होतो. म्हणून मालकांना आम्ही 'सर' म्हणायचो आणि भ्यायचो आण्णांना.

मी सीएनसी मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर. ख्रिस्ती. आमचं घर आजोबांच्या वेळी ख्रिस्ती झालं, शेजारची घरं पुढं बौद्ध झाली. गावाच्या लेखी काही फरक पडला नाही, आम्ही सगळे गावाबाहेरच्या त्याच आळीतले. आण्णा मला नावानं हाक मारत नसत. 'पावडर' म्हणत. तुझ्या आज्याला मिशनवाल्यांनी पावडरच्या दुधावर बाटवला, म्हणून पावडर. आणि मी ओ द्यायचो. इतका गुणी.

आता खंडेनवमीचं सांगतो. त्या दिवशी कंपनीत मशीनची पूजा असते. धूळ पुसायची, हार घालायचा, नारळ फोडायचा. ज्याचं मशीन देखणं त्याला बक्षीस. बक्षीस बहुतेक मलाच. गुपित असं की मी घरचं नाताळचं सामान नेत असे. विजेची माळ, चमकीची झालर, एका वर्षी तर चांदणीसुद्धा. माझी बायको रूथ चिडायची. नाताळात माळेला मशीनच्या तेलपाण्याचा, कूलंटचा वास येतो म्हणायची. नारळ फोडायलाही मीच पुढं. देवाला समजत असेल, म्हणायचो, ठेक्यावरचा माणूस आहे.

त्या वर्षी नवीन काम आलं होतं. जाड पोलादाची, आत पोकळ, तोंडाकडं निमुळती होत गेलेली वस्तू. आम्ही तिला बाटली म्हणायचो. ड्रॉईंगवर नुसता नंबर. सुपरवायझर म्हणाला, सिलिंडर आहे. कशाचा, ते मी विचारलं नाही. आमच्याकडं कुणी विचारत नाही. माप बरोबर आलं की विषय संपला. शेजारच्या मशीनवर सिद्धार्थ असतो, आमच्याच आळीतला. तो एकदा म्हणाला, "भावा, हे कशाला लागत असंल रं?" मी म्हटलं, "लोणावळ्याच्या बंगलेवाल्यांना. शोभेला." लय विनोदी मी.

विनोद तिथंच थांबला नाही. माप हुकलेली एक बाटली बाजूला पडली होती. मी ती घासून चकाचक केली, पाणी भरलं, त्यात झेंडू खोवला आणि मशीनपुढं मधोमध ठेवली. फुलदाणी. यंदाही बक्षीस आपलंच.

मालक आले, बघितलं, आणि डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, "अरे, तोफगोळ्यात फुलं?"

मग त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. अभिमानानं. बाहेरदेशची ऑर्डर आहे, तिकडची लढाई लवकर थांबायची चिन्हं नाहीत, तेव्हा आपल्याला कामाची चिंता नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. माझे हात माझ्याआधी घाबरतात.

कँटीनच्या टीव्हीवर ती लढाई आम्ही जेवताना बघायचो. पडलेल्या भिंती. धूळ. एकदा एक बाई उघड्या हातांनी ढिगारा उकरत होती, आणि मी भाकरीचा घास तसाच तोंडाशी धरला होता. रिमोट माझ्याजवळ असला की मी क्रिकेट लावायचो.

आण्णांनी कुंकवाची वाटी पुढं केली. "पावडर, तुझ्या मशीनचा माल. ह्याला पयला टिळा तू लाव."

माझा हात वाटीकडं गेला. खरंच गेला. मग मधेच वळला आणि मी बाटलीतली फुलं उपटायला लागलो. का, ते मला सांगता आलं नसतं. त्या वस्तूत फुलं नकोत, एवढंच कळत होतं.

"काय करतो?"

"आण्णा, मला न्हाई जमायचं." आवाज असा, की उंदीर बरा.

तेव्हा ती चापट. मग गाल. मग दुसरी. नारळ दुसऱ्या कुणी फोडला. खोबऱ्याचा तुकडा मलाही मिळाला. मी खाल्ला.

घरी मी हे रूथला गंमत म्हणून सांगितलं. आण्णांचा आवाज काढून. ती हसली नाही. भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "तुमी भिऊन दिला गाल. येशूनं तसा सांगितला न्हवता."

मी बोलत सुटलो. मी नाही केलं तर दुसरा करील. गोळा कोण डागतो, मी डागतो का? गेटपास गेला तर आण्णा मावळात कुठंच उभं राहू देणार नाहीत. सगळं खरं होतं. ती म्हणाली, "मग जावा कामावर." त्या तीन शब्दांची मला चापटीपेक्षा जास्त भीती वाटली.

रविवारी लोणावळ्याच्या चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. पाळकसाहेबांनी जगात शांती नांदावी म्हणून प्रार्थना केली. मी मोठ्यानं आमेन म्हणालो. आमेन म्हणण्यात मी पहिल्यापासून तरबेज. मग भाकरीचा तुकडा तळहातावर आला. तळहाताच्या रेघांत काळं होतं. साबणानं निघत नाही ते, पोलादाचं असतं. पांढरा तुकडा, खाली काळ्या रेघा. शिपाई धरायला आले तेव्हा ज्या येशूनं आपल्या माणसाला तलवार म्यानात ठेवायला लावली, त्याचं शरीर म्हणून हा तुकडा. आणि हा हात उद्या सकाळी कशाला?

सकाळी कामावर गेलो. गेटवर कार्ड दाखवलं. मशीनच्या पकडीत, चकात, बाटली कुणीतरी आधीच धरून ठेवलेली. हिरवं बटण समोर. मी सुपरवायझरला म्हटलं, हे काम मी करणार नाही, दुसरं कुठलंही द्या, झाडू द्या. त्यानं आण्णांना बोलावलं.

आण्णा आले ते सावकाश आले. तेच वाईट.

"लय शाना झाला का पावडर?"

"मला नाव हाय, आण्णा."

त्यांचा हात वर गेला. विनोद शोधत होतो, सापडला नाही. सापडला असता तर परत हसलो असतो, अशी माझी जात.

"मारा," मी म्हटलं. "मी हात न्हाई उचलनार. पर आज हसनार न्हाई. आन् मशीन चालवनार न्हाई."

त्यांनी मारलं. या खेपेला लाडातलं नव्हतं. ओठ फुटला. कुणी हसलं नाही, कुणी पुढंही आलं नाही. सिद्धार्थचं मशीन चालू होतं, त्याची मान खाली होती. त्याला दोष देत नाही. खंडेनवमीला मीही टाळ्या वाजवल्या होत्या.

आण्णांनी गळ्यातला गेटपास ओढून तोडला आणि जवळ येऊन हळू म्हणाले, "हितं कसा ऱ्हातो तेच बगतो."

बघतायत. गावाच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये पावडरचा देशद्रोही झाला. घरासमोर कधीकधी त्यांची जीप येऊन उभी राहते. कुणी उतरत नाही, इंजिन नुसतं चालू असतं. रूथ कडी लावते. मी खिडकीपासून लांब बसतो. शूरवीर कुणी नाही आमच्यात.

सुदुंबरे गावात, गेटपास लागत नाही अशा एका शेडमध्ये जुन्या लेथवर काम मिळालंय. मोटारीचे शाफ्ट, नांगराचे फाळ. परवा शेडवाल्यानं एक नमुना आणून ठेवला. पोलादी, गोल, चिठ्ठीवर नुसता नंबर. मी विचारलं, हे कशाचं? तो म्हणाला, "तुला काय करायचंय?"

बाहेर कुठलीतरी जीप थांबल्याचा आवाज आला. आण्णांची असेल, नसेल. मी लेथ बंद केला आणि हात पुसले.

"कळल्याबिगर लेथला लावनार न्हाई," म्हटलं.

आण्णा, गाल दोन्ही आहेत, कधीही या. हात मिळायचे नाहीत.