आसऱ्याच्या गोष्टीचे दोन साक्षीदार

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तंजावूरहून मद्रासच्या एका इंग्रजी दैनिकाला बातम्या पाठवत असे. त्यांवर ‘आमच्या वार्ताहराकडून’ एवढेच छापून येई. मग पर्यटकांच्या गाड्या वाढल्या, दैनिकाने रंगीत पुरवणी काढली आणि तंजावूर या नावाच्या उगमावर लेख मागवला. त्यावर माझे नाव येणार होते. त्यानंतर नोकरी कायम होईल, असे मी घरी सांगून टाकले. तसे मला कोणी म्हणाले नव्हते.

संपादकांचा नियम होता : प्रत्येक विधान दोन स्वतंत्र माणसांकडून पडताळायचे. तंजन राक्षसाने मरताना गावाला आपले नाव मागून घेतले, ही कथा देवळात कोणीही सांगते. मला तीनशे वर्षांपूर्वी इथे येऊन राहिलेल्या आमच्या मराठी घरांतली कथा हवी होती. तमिळमध्ये ‘तंजम’ म्हणजे आसरा. पूर्वजांना इथे आसरा मिळाला, म्हणून तंजावूर. गावाचे नाव पूर्वजांच्या कितीतरी आधीचे आहे, हे मला ठाऊक होते. तेव्हा ‘अशी जुनी परंपरा सांगतात’ असे सावध वाक्य योजले.

राजवाड्यामागच्या गल्लीत राहणाऱ्या, शिक्षक म्हणून निवृत्त झालेल्या काकांनी ती कथा सांगितली. बसने तिरुवैयारूला जाऊन तिथल्या वृद्ध मराठी पुरोहितांना विचारले. त्यांनीही तीच सांगितली, जवळपास त्याच शब्दांत. शब्दसुद्धा जुळतात म्हणजे परंपरा पक्की, असा निष्कर्ष मी काढला. बातमीदाराला नेमका इथेच संशय यायला हवा होता.

लेख नावासह आला. अंक घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी माझ्यापुढे कापी, म्हणजे कॉफी, ठेवली आणि चष्मा लावून वाचले.

“जुनी परंपरा म्हणून कोण सांगितलं?”

“तुम्ही. आणि तिरुवैयारूचे पुरोहित.”

“त्यांना मीच की सांगितलों, लग्नाच्या पंगतीत.”

“आणि तुम्हाला?”

“तूंच की रे. नववीत वक्तृत्वाला रचून बोललास. परीक्षक मी होतों. पैलं बक्षीस दिलों.”

मला भाषण आठवले. हातवारेही.

दोन दिवस मी काहीच केले नाही. मग तीन ओळींचा खुलासा पाठवला : सदर परंपरा वार्ताहराच्या शालेय भाषणापलीकडे मागे जात नाही. तो छापून आला. पुरवणीने पुन्हा लेख मागवला नाही. मी कालव्याचे पाणी आणि भाताचे पीक यांवर लिहीत राहिलो, बिननावाने.

काका आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पहिले बक्षीस मिळालेल्या भाषणाला खुलासा कशाला, असे त्यांनी काकूंकरवी कळवले.