वामनरावांचा कॉम्प्युटर आणि चिंचेवरची कोर

माझा माझ्या आठवणींवर फारसा भरवसा नाही. जन्मभर गणित शिकवलं, डॉक्टरेटही मिळवली, पण घराला कुलूप लावलं की नाही हे बघायला आजही अर्ध्या वाटेवरून परत येतो. त्यामुळे हे सगळं असंच घडलं, अशी हमी देता येणार नाही. कोण काय बोललं ते कानात आहे. आधी काय आणि नंतर काय, यात गफलत असू शकते. किस्से साठतात ते ओल्या पापडांसारखे. एक उचलायला जावं, तर चिकटलेले चार हाती येतात!

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध असावा. दर शनिवारी आम्ही नागपुरात नंदनवनला वामनरावांकडे जमायचो. वामनराव कोराडीच्या वीजघरात इंजिनीअर. धंतोलीत दवाखाना असलेले डोळ्यांचे डॉक्टर यायचे, त्यांना आम्ही ‘डाक्टर’च म्हणायचो. मी म्हणजे ‘सर’. आणि घर ज्यांचं खऱ्या अर्थानं होतं त्या शांतावहिनी, वामनरावांच्या पत्नी.

*

शेजारच्या मुलाच्या वाढदिवसाचा केक खाता खाता वहिनी एकदा म्हणाल्या, “मले वाढदिवसच नाही.”

काटोलकडच्या खेड्यातला जन्म. नोंद नाही, पत्रिका नाही. शाळेत घालताना मास्तरांनी सगळ्या पोरींची लिहिली तशी यांचीही जन्मतारीख एक जून लिहून टाकली.

“एक जूनले आमच्या अख्ख्या वर्गाचा वाढदिवस! कोणं कोणाले हॅपी बर्थडे म्हणावं?”

आम्ही हसलो. वहिनी हसल्या नाहीत. त्यांची आई एवढंच सांगायची: तू झालीस तेव्हा दिवेलागण झाली होती, चिंचेच्या शेंड्यावर चंद्राची बारीक कोर होती, आणि कोरीला चिकटून मोठी चांदणी. साल नक्की माहीत नाही, पण गावच्या मोठ्या पुरानंतर दोन-तीन वर्षांतलं.

वामनराव खुर्चीतून उठलेच. “अवं, मग सापडते ना ते! कॉम्प्युटर कायले घेतला आपण?”

तोवर तो घरचा कॉम्प्युटर कशाला घेतला, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

*

वामनरावांनी प्रोग्रॅम लिहिला. त्या वर्षांतल्या एकेका संध्याकाळचं आकाश पडद्यावर काढायचं आणि कोर शुक्राला, म्हणजे त्या मोठ्या चांदणीला, चिकटलेली दिसली की थांबायचं. चंद्राचं सूत्र मी एका जाडजूड पुस्तकातून काढून दिलं, आणि ते बरोबर उतरवलं की नाही, या काळजीत तेव्हापासून आहे.

नुसते आकडे तपासून भागलं असतं. पण वामनरावांना ते आकाश वहिनींना दाखवायचं होतं. पडद्यावर त्यांनी चिंचेचं झाडही काढलं.

वहिनी म्हणाल्या, “हे बाभूळ आहे.”

पुढचे दोन शनिवार झाडातच गेले!

*

तो जुना प्रोसेसर फार सावकाश चालायचा. एक आकाश पुरं होईतो हातातला चहा गार व्हायचा. आधी क्षितिजाची रेघ, मग चिंच, मग एकेक चांदणी, हिरवी, कारण पडदाच हिरवा होता. वहिनी तांदूळ निवडत समोर बसायच्या. कुणी मोठ्यानं बोलत नसे. एक चांदणी उगवायची, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरी. आपणही गावाबाहेर कुठंतरी बाजेवर पडलो आहोत, असं वाटायचं.

“आमच्या गावच्या पांढऱ्या होत्या,” वहिनी हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात घरचा फ्यूज उडाला. पंखा, दिवा, आकाश, सगळं गेलं!

अंधारातून वहिनींचा आवाज आला, “अख्ख्या विदर्भाले वीज देता, अन् घरी साधी तार टिकत नाही तुमच्यानं!”

प्रोग्रॅम पुन्हा पहिल्या संध्याकाळपासून सुरू. मधलं साठवून ठेवावं, हे आम्हा तीन शिकलेल्यांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

*

मग मे महिना आला. कॉम्प्युटरच्या पुस्तकात लिहिलं होतं, यंत्र थंड जागी ठेवावं. नागपुरात मे महिन्यात थंड जागा एकच, कूलरसमोर! वाळ्याच्या ताट्या नव्या बसवल्या, टाकी भरली आणि कॉम्प्युटर कूलरच्या तोंडाशी मांडला. कल्पना कोणाची होती आठवत नाही. माझी नसावी.

आम्ही घाम पुसत कोपऱ्यात, आणि कॉम्प्युटर ओल्या, सुगंधी वाऱ्यात! महिनाभर त्याची अशी बडदास्त राखल्यावर एका संध्याकाळी पडदा काळा तो काळाच राहिला. वामनरावांनी डबा उघडला. मदरबोर्डवर पूजेच्या ताम्हणावर चढतो तसा हिरवा गंज चढला होता.

वामनराव रुमालानं तो पुसायला लागले.

वहिनी वाकून बघत म्हणाल्या, “चिंचेनं घासून देऊ काय?”

*

नवा मदरबोर्ड आणि वेगाचा प्रोसेसर मुंबईहून मागवायचं ठरलं. त्याला हिवाळा उजाडला. वामनरावांचा भाचा दुकानदारासाठी संत्र्यांची पेटी घेऊन गेला, आणि त्याच रिकाम्या पेटीत, तणसात गुंडाळून, मदरबोर्ड घेऊन आला!

वहिनींनी एकेक काडी वेचून काढली. तरी वास राहिलाच. पुढं कितीतरी महिने यंत्र तापलं की खोलीत संत्र्याच्या सालीचा वास दरवळायचा.

डाक्टर नाक वर करून म्हणायचे, “विचार करून राहिला वाटते!”

*

बसवायचा दिवस. प्रोसेसरचे पाय केसासारखे बारीक, एक वाकला की संपलं. वामनरावांनी ते काम डाक्टरांवर सोपवलं. डाक्टर दवाखान्यातून चिमटा, हातमोजे आणि डोक्याला बांधायचा दिवा घेऊन आले.

“सर, श्वास तिकडं घ्या,” मला म्हणाले.

प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा ठिपका जागेवरच्या ठिपक्याला जुळवला, अंगठ्यानं दाबलं. टक्! डाक्टरांनी हातमोजे काढले आणि सवयीनं वहिनींकडे वळून म्हणाले, “ऑपरेशन छान झालं. आता पाणी लागू द्यायचं नाही.”

“हे मे महिन्यात सांगायचं ना, डाक्टर!”

डबा बंद केला, तर टेबलावर एक स्क्रू उरलेला! डाक्टर पांढरे पडले. “आमच्याकडे असं झालं तर पुन्हा उघडतात...”

पुन्हा उघडलं. सगळे स्क्रू जागेवर होते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनींची हाक आली, “कुकरच्या दांडीचा स्क्रू कोणं नेला?”

*

त्याच संध्याकाळची ही गोष्ट. यंत्र सुरू झालं, त्यानं तारीख विचारली, डाक्टरांनी त्या दिवसाची तारीख टाइप केली. वामनरावांनी प्रोग्रॅम लावला. आणि आकाशं पळायला लागली! चिंच जागच्या जागी आणि तिच्यावरून चंद्र भराभरा, कधी कोर, कधी पोळीएवढा.

वहिनी कासावीस झाल्या. “अहो, हळू! मले पाहू तर द्या!”

वामनरावांनी प्रत्येक आकाशामागं रिकामी मोजणी घातली, म्हणजे तेवढा वेळ यंत्र नुसतं आकडे मोजत थांबेल. “एवढा वेगाचा प्रोसेसर आणला, अन् त्याले आता उभं राहायले शिकवून राहिलो!”

मग पुन्हा ते जुनं, सावकाश आकाश आलं. चहा गार झाला. खोलीत संत्र्याचा वास पसरला.

आणि यंत्र थांबलं.

चिंचेच्या शेंड्यावर बारीक कोर. कोरीला चिकटून एक ठिपका. खाली तारीख. वर्ष पुरानंतरचं, आणि दिवस आणि महिना त्याच दिवसाचे! म्हणजे आजचे!

मग डाक्टर पुटपुटले, “हे तर मी मघाशी टाइप केलेलीच तारीख सांगून राहिलं.”

वामनरावांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. पण मला विचारलं की मी काय सांगणार! म्हटलं, “शक्यता नाकारता येत नाही. वर्ष आकाशाचं आणि दिवस यंत्राच्या घड्याळाचा, अशी सरमिसळ होऊ शकते. शिवाय चंद्राचं सूत्र मी उतरवलेलं...”

“सर,” वहिनी म्हणाल्या, “घराले कुलूप लावलं काय तुम्ही?”

मी दचकून उठलोच.

“बसा! काहून सारखी शंका घेता?” त्या पडद्याजवळ गेल्या. कोरीवर बोट ठेवलं, काच गरम होती. “आई असंच सांगे.”

वामनराव म्हणाले, “थांब, पुन्हा एकदा चालवून पाहू.”

वहिनींनी बटण बंद केलं. “आता त्याले पुन्हा विचारायचं नाही. मी शिरा करतो.”

त्यानंतर दर वर्षी त्या तारखेला आम्ही नंदनवनला शिरा खाल्ला. प्रोग्रॅम कुणी पुन्हा लावला नाही, वहिनींनी लावू दिला नाही. वामनराव गेल्यावरही त्या शिरा करायच्या, आणि मी खायचो, आणि वाटी हातात घेऊन दर वेळी मनात म्हणायचो, सरमिसळ झाली असावी.

गेल्या वर्षी नातीनं फोनवर आकाश दाखवलं. कुठलंही गाव, कुठलीही तारीख, कितीही जुनी. मी काटोल टाकायला सांगितलं, वहिनींचं ते वर्ष, ती तारीख, दिवेलागणीची वेळ.

पश्चिमेला बारीक कोर होती आणि तिला चिकटून शुक्र. चिंच तेवढी त्यात नव्हती.